कोवळ्यांचा टक्का

पहाटे पाचला मशीन पहिल्या नळ्या गिळतं.
बाहेर असाहिकावात उणे एकोणीस,
बर्फ लोटणारी गाडी उगाच मागे-पुढे करते,
आणि तळघरात मी, कुवाबारा इत्सुए,
सातव्या मजल्यावरची माणसं
बारकोडवरून ओळखते.

सातशे बारा. खिडकीकडची खाट.
नागामिने तोयोजी, अठ्ठावन्न, न्हावी.
न्हावी हे मला कळायचं कारण नव्हतं,
पण डॉक्टर शिनोहारा एकदा खाली येऊन म्हणाल्या,
हे गृहस्थ रोज एकच विचारतात :
वस्तरा कधी?
गालावर औषधांनी एक केस ठेवलेला नाही,
दात घासायला कापसाचा बोळा,
तरी विचारतात.

त्यांच्या शिरेत गेलं होतं
कुठल्याशा बाळाच्या नाळेतलं रक्त,
दोन घोट चहाएवढं.
त्या बाळाला याचा पत्ताही नसेल.
तांबड्या-पांढऱ्यांनी हाडांत बिऱ्हाड थाटलं,
प्लेटलेट मात्र नऊ हजारांवर अडून.

मग वर जातात पिवळट पिशव्या.
फ्रीजशेजारच्या मांडणीवर त्या रात्रंदिवस डुलतात,
डुलायच्या थांबल्या की निकामी.
एक चढवली की आकडा उठतो,
तिसऱ्या दिवशी पुन्हा बसतो.
हातउसन्या पैशावर
संसार चालल्यासारखा दिसतो, तसंच.
आकडा सांगत नाही, घरचे किती, उसने किती.

म्हणून मी दुसरा रकाना बघते.
कोवळ्यांचा टक्का.
नुकत्याच सुटलेल्या प्लेटलेटच्या अंगावर
आईपेशीचं थोडं लिखाण अजून ओलं असतं,
रंग टाकला की ते उजळतं,
एका दिवसात वाळून जातं.
पिशवीतल्या सगळ्या शिळ्या, त्या उजळत नाहीत.
उजळली, म्हणजे घरात कुणीतरी जन्मलंय.

एकोणतिसावा दिवस : तीन.
तिसावा : पाच.
एकतिसाव्याला आठ,
आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले,
खोलीत कुणी नसताना.

शिनोहारांच्या सूत्रात पाच घरं,
पत्रिकेत असावीत तशी :
पेशींचा डोस, वय, ताप, प्लीहा, प्रतिपिंडं.
त्यांचं उत्तर, बेचाळिसावा.
मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं छत्तीस लिहिलं.
त्यांनी ते वर सांगितलं असावं.
सांगायला नको होतं.

चौतिसाव्याला विषाणू उठला.
विषाणूवरचं औषध हाडांनाही भोवलं,
टक्का दोनवर आला.
छत्तीस गेला, बेचाळीसही गेला,
त्यांचं सूत्र आणि माझी पेन्सिल
एकाच टोपलीत.
म्हणे त्या आठवड्यात त्यांनी काही विचारलं नाही.
नुसते भिंतीकडे तोंड करून पडून.
मी सात वर्षांत पहिल्यांदा
लिफ्टपर्यंत गेले, आणि परत आले.

एक्कावन्नाव्याला पिशवीची मागणी आली नाही.
बावन्नाव्यालाही नाही.
एकवीस हजार. तेवीस. बावीस.
नियम सात दिवसांचा आहे, मी गप्प राहिले,
कुणाला काही बोलले नाही,
फक्त नळी लावताना हात धुतलेले असूनही
पुन्हा धुतले.

ते घरी गेले ते मला नळीवरून कळलं,
बारकोडवर सातशे बाराऐवजी
बाह्यरुग्ण.

मार्चअखेर आकडा चौसष्ट हजार.
शिनोहारा खाली आल्या, हसू दाबत.
नागामिनेंच्या हनुवटीवर चार केस फुटले होते,
चारच,
तेवढ्यासाठी त्यांनी दुकान उघडून वस्तरा परजला,
विचारलं नाही कुणालाच.
डाव्या जबड्याखाली कापलं.
बोट दाबून दुकानातल्या घड्याळासमोर उभे राहिले.
सहा मिनिटं.
मग बोट काढून बायकोला दाखवलं,
नंतर डॉक्टरला, मान वर करून.

मी छत्तीस खोडायला रबर घेतलं.
पुरतं गेलं नाही.
सहा मिनिटं कुठल्या रकान्यात भरायची
तेही मला कळलं नाही.
मोजायचं काम त्या दिवशी
त्यांनी स्वतःच केलं होतं.